आईची इस्त्री मुंग्या आणतेय, आता नवी घ्यायची तर कसली?

सुरकुती_सम्राज्ञी:

नमस्कार मंडळी, विषय फालतू वाटेल पण दोन आठवडे डोक्यात बसलाय म्हणून विचारतेच. माझ्याकडे आईची जुनी इस्त्री आहे, माझ्या जन्माच्या आधीची, म्हणजे चाळिशी तिने कधीच ओलांडली. काळं बेकेलाइटचं हँडल, कापडी वेष्टणाची जाड वायर आणि खाली आरशासारखा तळ. नॉबवरची अक्षरं पुसून गेलीत, आईने नेलपॉलिशचा एक ठिपका देऊन ठेवलाय, तो बाणासमोर आणला की सुती, त्याच्या बोटभर अलीकडे रेशमी, आणि त्याच्याही अलीकडे म्हणजे देवाचं नाव घ्या आणि फिरवा. वजन असं की कपड्यावर ठेवायची आणि नुसती ओढत न्यायची, दाबावं लागतच नाही.

तर झालंय काय, गेल्या महिन्यापासून तळाच्या कडेला किंवा वरच्या स्क्रूला बोट लागलं की मुंग्या येतात. नवरा म्हणतो हा शॉक आहे, मी म्हणते मुंग्या आहेत, रबरी चप्पल घातली की येत नाहीत. त्यात परवा लिननच्या शर्टाची कॉलर करपली, नॉब होता तिथेच जिथे वर्षानुवर्षं असतो, ठिपका बाणासमोर, तरी तपकिरी डाग. शर्ट नवऱ्याचा होता त्यामुळे आता घरात बहुमत इस्त्रीच्या विरोधात गेलंय.

बहिणीकडची नवी स्टीमवाली फिरवून बघितली. हातात घेतल्या घेतल्या वाटलं आत काहीतरी बसवायचं राहूनच गेलंय, इतकी हलकी. रेशमाच्या खुणेवर ठेवून वाफेचं बटण दाबलं तर वाफ नाही, सरळ पाणी थुंकली माझ्या काळ्या पँटवर, आणि त्या पाण्यात पांढरे कण.

आता विचारायचं हे की जड इस्त्री अजून कोणी बनवतं का, वाफेची घ्यावी की साधी, वॅट किती बघायचे. आणि खरं सांगायचं तर जुनी वाचवता येईल का हेच मुळात विचारायचंय, बाकी सगळं नाइलाजाने.

बायमेटल_पट्टी:

ताई, आधी प्लग काढा आणि मग पुढचं वाचा. चप्पल घातल्यावर मुंग्या येत नाहीत याचा अर्थ इस्त्री सुधारली असा होत नाही, करंट तुमच्यातून जमिनीकडे जात होता आणि चप्पलने वाट अडवली एवढाच होतो. नवरा बरोबर आहे, हे त्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

दोन गोष्टी एकदम बिघडल्याशिवाय सहसा असं होत नाही. एक म्हणजे आत कुठेतरी गळती आहे. जुन्या इस्त्रीत एलिमेंट म्हणजे अभ्रकाच्या पापुद्र्यावर गुंडाळलेली निक्रोमची (निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू) चपटी पट्टी, तिच्या वर खाली पुन्हा अभ्रक, आणि हे सगळं जड लोखंडी ठोकळ्याखाली आवळून बसवलेलं. वर्षानुवर्षं तापून अभ्रक सुटतं, कुठे पापुद्रा निघतो आणि करंट बॉडीत झिरपायला लागतो. दुसरं म्हणजे अर्थिंगची वायर तुटलेली आहे, कारण ती शाबूत असती तर हा करंट तिच्यातून गेला असता, तुमच्या बोटातून नाही, आणि घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल तर तो बहुतेक कधीच पडला असता. वायर सहसा तुटते ती हँडलच्या मागे जिथून बाहेर पडते तिथे, रोज तिथेच वाकते ना.

घरात मल्टिमीटर असेल तर इस्त्री पूर्ण थंड आणि प्लग बाहेर ठेवून बघा. ओमवर लावायचा, एक टोक प्लगच्या अर्थिंगच्या पिनला आणि दुसरं तळाच्या उघड्या धातूला. एक ओमच्या आत आलं पाहिजे. काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग तुटलंय. मग बाकीच्या दोन पिनांमध्ये बघा, २३० व्होल्टची ७५० वॅटची असेल तर सत्तरच्या आसपास ओम येतील, १००० वॅटची असेल तर त्रेपन्न. पण हे मोजताना नॉब चालू ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅटच उघडा असतो, मीटर काही दाखवत नाही आणि माणूस उगाच एलिमेंट गेलं म्हणून रडत बसतो (मी बसलोय).

आणखी एक, यात मात्र गंमत नाही. एवढ्या जुन्या इस्त्र्यांच्या कापडी वायरीत आणि आतल्या चकत्यांमध्ये कधीकधी अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ती कापडी वेष्टणं फाडत, घासत, फुंकर मारत बसू नका. आत पांढरट तंतूंचं काही दिसलं तर झाकण परत लावा आणि विषय संपवा.

कॉलरचं कारण वेगळं आहे, थर्मोस्टॅट. दोन वेगवेगळ्या धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी असते, एक धातू जास्त पसरतो एक कमी, म्हणून तापली की वाकते आणि काँटॅक्ट सुटतो, थंड झाली की सरळ होऊन पुन्हा जोडतो. दर वेळी सुटताना बारीक ठिणगी पडते, हजारो ठिणग्यांनी ते टोक खरबरीत होतं आणि एक दिवस चिकटूनच बसतं. मग तापमान चढतच राहतं. नव्या इस्त्रीत अशा वेळी थर्मल फ्यूज असतो, तो एकदा उडाला की इस्त्री मेली पण घर वाचलं. तुमच्यात तो नसणार.

इस्त्री_द्वेष्टा:

मी कपडे नीट झटकून वाळत घालतो आणि चुरगळलेले तसेच घालतो. कुणी मेलं नाही अजून. चालू द्या तुमचं.

नुसती_वाफ:

ताई, तुमच्या बहिणीच्या इस्त्रीने काही चूक केली नाही, तिला चुकीच्या खुणेवर वाफ मागितली गेली. साध्या स्टीम इस्त्रीत पाणी टाकीतून थेंब थेंब खाली तळातल्या कप्प्यात पडतं आणि तिथे पडल्या पडल्या त्याची वाफ होते. तळ पुरेसा तापलेला नसेल तर वाफ कुठून होणार, थेंब तसाच भोकातून बाहेर. म्हणून नॉबवर वाफेचं चित्र दोन किंवा तीन ठिपक्यांपासून पुढे असतं. आणि दिवा विझेपर्यंत थांबायचं, चालू केल्या केल्या बटण दाबायचं नाही. हे कुणी वाचत नाही, मीही पहिल्या वर्षी वाचलं नव्हतं, थुंकते म्हणून शिव्या घालत होतो.

आता वजनाबद्दल. मीही जड इस्त्रीचा भक्त होतो, पण सुती कपड्याची सुरकुती वजनाने जात नाही, पाण्याने जाते. सुताच्या आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींचे हात धरून असतात, कपडा चुरगळलेला वाळला तर चुरगळलेल्या जागीच धरतात. पाणी शिरलं की हात सुटतात, मग कपडा ताणून सरळ धरलेला असताना पाणी उडवून दिलं की सरळ अवस्थेत पुन्हा धरतात. इस्त्रीचं काम म्हणजे पाणी उडवणं आणि तोवर कपडा सपाट धरणं. तुमची आई आधी पाणी शिंपडून कपडे गुंडाळून ठेवत असणार, शंभर टक्के. ते गुंडाळणं म्हणजेच अर्धी इस्त्री, ओल सगळीकडे सारखी पसरते. वाफेची इस्त्री तेच काम जागेवर करते.

वॅटचं गणित सांगतो, दुकानदार हे सांगत नाहीत. मिनिटाला २५ ग्रॅम वाफ असं खोक्यावर लिहिलेलं असतं. खोलीच्या तापमानाचं २५ ग्रॅम पाणी उकळून त्याची वाफ करायला साधारण ६४ किलोज्यूल लागतात, म्हणजे मिनिटाला तेवढे द्यायचे तर १००० वॅटहून जास्त एकट्या वाफेलाच गेले. मग इस्त्री १२०० वॅटची असेल तर तळ गरम ठेवायला उरलं काय? म्हणून ती सुरुवातीला छान वाफ देते आणि दोन शर्टांनंतर ओकायला लागते. वाफेची घ्यायची तर २००० च्या पुढची घ्या, नाहीतर साधीच घ्या. मधलं काही घेऊ नका.

आणि २००० वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर, बारक्या वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात लावू नका, विशेषतः वायर गुंडाळलेली असताना. माझ्या एक्स्टेन्शनची पिन प्लगात वितळून चिकटली होती, वास आला म्हणून कळलं.

चुना_नको:

पांढऱ्या कणांवर कुणीच बोललं नाही, मी बोलते कारण माझ्या तीन इस्त्र्या त्याने खाल्ल्यात. ते कण म्हणजे पाण्यातला चुना, कॅल्शियम कार्बोनेट. वाफ निघून जाते आणि क्षार तळातल्या कप्प्यात राहतो, थरावर थर चढतो, मग पापुद्रे सुटून भोकातून कपड्यावर. तुमच्याकडे बादलीला, नळाला पांढरा थर धरत असेल तर इस्त्रीतही धरणारच.

पहिल्या इस्त्रीत मी शहाणपणा करून व्हिनेगर भरलं, कुठेतरी वाचलं होतं. चुना निघाला खरा पण आतलं रबर सील पण गेलं, त्यानंतर ती बसल्या जागी गळायची. कंपनीच्या माणसाने पुस्तिकेतलं पान काढून दाखवलं, व्हिनेगर घालू नये असं ठळक अक्षरात. माझीच चूक, पण तो ज्या प्रेमाने ते पान दाखवत होता त्याचा राग अजून आहे.

आता मी काय करते तर जड पाणी असेल तर अर्धं डिस्टिल्ड अर्धं नळाचं, काम झालं की टाकी रिकामी, आणि महिन्यातून एकदा सेल्फ क्लीन. सेल्फ क्लीन म्हणजे ती स्वतः करते असं नाही हो, नाव फसवं आहे. टाकी भरायची, नॉब सगळ्यात वर, दिवा विझला की प्लग काढायचा, मोरीवर आडवी धरायची, ते बटण दाबून ठेवायचं आणि चाळण हलवतो तशी पुढे मागे हलवायची. पहिल्या वेळी जे तपकिरी पाणी आणि खडे पडतात ना, ते बघून आपण हे कपड्यांवर फिरवत होतो याची लाज वाटते. टाकीत खळ घालू नका, अत्तराचं पाणी घालू नका, खळ लावायची तर कपड्याला लावा.

सुरकुती_सम्राज्ञी:

सगळ्यांचे आभार (द्वेष्टा यांचेही, माझा नवरा तुमच्या पक्षात जायच्या बेतात आहे).

मल्टिमीटर शेजारून आणला. अर्थिंगची पिन आणि तळ, काहीच नाही, आकडा हलतच नाही. दुसऱ्या दोन पिनांत एकाहत्तर ओम आले, म्हणजे ७५० वॅटची आणि एलिमेंट जिवंत. मला उगाच भरून आलं. मग वायर हँडलपाशी वाकवून धरली तर अर्थिंगचा आकडा क्षणभर आला आणि गेला, म्हणजे तुटलीय ती अगदी सांगितली तिथेच. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनही केलं, वायर हातात उचलून धरून २ किलो १०० ग्रॅम. बहिणीची रिकामी असताना १ किलो १५०.

मग वायर बदलली की झालं ना? आणि वॅटचं नीट कळलं नाही, ७५० वॅटमध्ये आईची इस्त्री एवढं काम कशी काय करायची?

बायमेटल_पट्टी:

दुसऱ्या प्रश्नापासून घेतो कारण तो मस्त आहे. तुमच्या इस्त्रीत उष्णतेचा साठा आहे. आता इथे लोक म्हणतात लोखंड उष्णता जास्त धरतं, ते उलटं आहे, किलोला किलो तोललं तर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता धरतं. पण नव्या हलक्या इस्त्रीत अ‍ॅल्युमिनियम असतंच केवढंसं, बाकी सगळं प्लॅस्टिक. तुमच्यात दोन किलोच्या आतबाहेर धातू आहे, ओल्या कपड्यावर ठेवली तरी तिचं तापमान ढासळत नाही. म्हणून ७५० वॅटवर भागतं, पण त्याची किंमत म्हणजे तापायला वेळ, आणि उतरायला त्याहून जास्त वेळ. सुतीनंतर लगेच रेशमी घ्यायला गेलात तर नॉब खाली असतो आणि तळ अजून वरच असतो. म्हणून जुनी माणसं आधी नाजूक कपडे करून घ्यायची, सुती शेवटी.

एलिमेंटचं कौतुक मलाही आहे. १८८२ मध्ये अमेरिकेत हेन्री सीलीने विजेच्या इस्त्रीचं पेटंट घेतलं पण तेव्हा लाल होऊनही टिकेल अशी तारच नव्हती. निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचं पेटंट अल्बर्ट मार्शला मिळालं १९०६ मध्ये. तापल्यावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर त्या पट्टीवर बसतो आणि आतला धातू हवेपासून वाचतो, म्हणून तुमची पट्टी चाळीस वर्षं जळली नाही.

आता पहिला प्रश्न. वायर बदलली की मुंग्या थांबतील, गळती थांबणार नाही. ती आता अर्थिंगमधून जाईल, आरसीसीबी असेल तर रोज पडू शकेल. तिला थांबवायचं तर अभ्रक बदलायचं, म्हणजे तो ठोकळा उघडायचा, म्हणजे आतल्या चकत्या काय आहेत ते माहीत नसताना हात घालायचा. वर थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट. हे सगळं करणारा जाणता माणूस असेल आणि इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर), तेही इस्त्री गरम असताना तपासून देणार असेल तर करा. साध्या मल्टिमीटरवर थंड इस्त्रीची ही गळती दिसत नाही. तसा माणूस नसेल तर मी माझ्या आईची असती तरी बंद केली असती, आणि केलीच.

घडीची_मोडणी:

मी शिवणकाम करते, दिवसातून चार पाच तास इस्त्री चालू असते त्यामुळे माझे दोन शब्द. जड साध्या इस्त्र्या अजून मिळतात, दीड दोन किलोच्या, १००० वॅटच्या आसपास, खोक्यावर हेवी वेट असं लिहिलेलं असतं. पण लिहिलेल्यावर जाऊ नका, हातात घ्या. हँडल धरून उचलली की नाक खाली झुकतं की शेपूट ते बघा, नाक किंचित खाली हवं, नाहीतर तासाभरात मनगट बोलायला लागतं. टोक निमुळतं हवं, दोन बटणांच्या मध्ये शिरलं पाहिजे. वायर निघते तिथला सांधा गोल फिरणारा असेल तर उत्तम, तुमची तुटली ती त्याच्याच अभावी.

तळाचं म्हणाल तर नॉनस्टिक सगळ्यात घसरडा पण झिपवरून एकदा गेलात की ओरखडा पडलाच, आणि मग तो ओरखडा रेशमाचा धागा ओढतो. सिरॅमिक चांगला पण आपटला तर टवका उडतो. स्टीलला मी पास करते, चिकटलं तर निदान घासता तरी येतं, थंड असताना खायचा सोडा ओला करून.

ठिपक्यांचं लक्षात ठेवा, नेलपॉलिश नको आता. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर तळ साधारण ११० अंशांपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. नायलॉन एक, लोकर आणि रेशीम दोन, सुती आणि लिनन तीन. दोन सुतांचं मिश्रण असेल तर त्यातल्या नाजूक सुताचं ऐकायचं. गडद रंग उलट बाजूने नाहीतर चमक येते, ती मग जात नाही.

तुम्ही जर आठवड्याला दहा पंधरा सुती शर्ट करत असाल आणि शिंपडून गुंडाळून ठेवायची सवय असेल तर साधी जड घ्या, तुमचा हात तिच्यावर बसलेला आहे. मी स्वतः दोन्ही वापरते. शिवण दाबताना आधी वाफ देते आणि लगेच वरून लाकडाचा जड ठोकळा ठेवते, कापड थंड होईपर्यंत तसंच. घडी अशी धारदार बसते की बोट कापेल. गरम असताना उचललं की घडी सुटते, लोक इथेच घाई करतात आणि इस्त्रीला दोष देतात.

नुसती_वाफ:

ताई (घडीची), हे ठोकळ्याचं माहीत नव्हतं. म्हणजे वजन लागतं, पण तापलेलं नाही, थंड. माझं वरचं वाक्य अर्धं मागे घेतो.

सुरकुती_सम्राज्ञी:

उशीर झाला लिहायला. कळवायचं राहिलं होतं. साधी जडच घेतली शेवटी, १ किलो ७५० ग्रॅम भरली घरच्या काट्यावर, स्टीलचा तळ, फिरता सांधा. दुकानात चार इस्त्र्या उचलून नाक कुठे झुकतं ते बघत उभी होते, माणसाला वाटलं असेल बाई मासे तोलतेय. पहिले दोन दिवस ती माझ्या हाताला परकीच वाटली, नॉब कुठल्या बाजूला फिरतो तेच विसरत होते, एक उशीचा अभ्रा थोडा पिवळा केला. आता जमतंय. दिवा विझेपर्यंत थांबते. नाजूक आधी, सुती शेवटी.

जुनीची वायर हँडलपाशी न कापता प्लग कापून टाकला, कापडी वेष्टणाला हात न लावता, म्हणजे चुकूनही कुणी लावणार नाही. आणि मग घडीची_मोडणी यांचं वाचून तिला खालून जाड सुती कापडाची दुहेरी टोपी शिवली. पँटची घडी घातली, ओलं फडकं टाकून नवी फिरवली, फडकं काढलं आणि लगेच जुनी वर ठेवली, थंडगार. गुडघ्यापासून खाली तिला पाच वेळा सरकवावं लागलं, दर वेळी हात आपोआप हँडलवर तसाच पडत होता. नवऱ्याने घडी बघितली आणि विचारलं कॉलरवाला शर्ट परत मिळेल का. म्हटलं तो नाही.

बायमेटल_पट्टी:

प्लग कापलात ते उत्तम केलंत. उरलेली वायर हँडलला गुंडाळून ठेवू नका, सुटी लोंबती ठेवा किंवा पिशवीत बांधा, त्या वेष्टणाचं घासणं टळेल. आणि त्या टोपीचा फोटो टाका.